बिऱ्हाड दुसऱ्याच्या पाठीवर

आपला मराठी माणूस प्रवासाला निघतो म्हणजे घराची एक धाकटी आवृत्तीच बरोबर घेऊन निघतो. पुण्याहून नाशिकला दोन दिवस जायचे असले, तरी दशम्या, लसणीची चटणी, फिरकीचा तांब्या, एक जादा चादर आणि पाहुण्यांकडे चांगला चहा मिळेलच असे नाही म्हणून चहाची पुडी, इतका सरंजाम पिशवीत जातोच. ‘असू दे, लागले तर!’ हे आपल्या प्रवासशास्त्राचे आद्य सूत्र. आमच्या घरात या सूत्राच्या भाष्यकार आमच्या सासूबाई. तेव्हा यंदा दिवाळीच्या सुट्टीत नेपाळात जाऊन एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत चालायचे आम्हां उभयतांनी ठरवले, त्या दिवसापासून आमच्या दिवाणखान्यात शास्त्रार्थ सुरू झाला, यात नवल ते काय?

वाचकहो, गैरसमज नको. शिखरावर जाणारी माणसे निराळी. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी जिथे उभे राहिले, त्या 8,848 मीटरांकडे मान वर करून पाहायचे आणि परत फिरायचे, एवढाच आमचा मनसुबा. पण तो पायथाही 5,364 मीटरांवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. तीन कळसूबाया एकीवर एक रचल्या, तरी पायथा चारशे मीटर वरच राहतो! तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्माच मिळणार, हे गृहीत धरून सारा बेत आखावा लागतो.

म्हणून आम्ही आधी कपडे काढले नाहीत, दिनदर्शिका काढली. लुक्ला या 2,860 मीटरांवरच्या गावी विमान उतरते, तेथून पायी चाल. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा फार तर पाचशे मीटर उंच असावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असा डॉक्टर मंडळींचा दंडक आहे. त्यामुळे नामचे बाजारला (3,440 मीटर) दोन रात्री, दिंगबोचेला (4,410 मीटर) पुन्हा दोन रात्री. जायला आठ दिवस, यायला चार. वर दोन दिवस निव्वळ रिकामे. लुक्लाची धावपट्टी अवघी 527 मीटरांची, तीही उतरती. ढग आले की विमाने बंद. शिवाय हंगामात ही विमाने बहुतेक काठमांडूहून नव्हे, तर मोटारीने चार-पाच तासांवरच्या रामेछापहून सुटतात. हे दोन दिवस पाहून आमची कन्या म्हणाली, “आई, यांत पोखरा होईल की!” होईल खरे. पण डोंगरातल्या प्रवासात रिकामा दिवस ही चैन नव्हे. ती शिदोरीच आहे.

दिवस असे सढळ हाताने धरले आणि मग सामानाकडे वळलो. तिथे हात आखडता घेणे भाग होते. लुक्लाच्या विमानात एका माणसाला हातातल्या पिशवीसकट साधारण पंधरा किलो नेता येतात. आम्ही सगळा संसार दिवाणखान्यात मांडला आणि वजनकाट्यावर चढवला. यांचे एकोणीस किलो भरले, माझे सतरा. मग निवड सुरू झाली. सुती कपडे पहिल्या फेरीत बाद, कारण सूत घाम पिते आणि लवकर वाळत नाही. थंडीत ओला सदरा म्हणजे दुखण्याला आमंत्रण. त्याऐवजी अंगालगतचा पातळ लोकरी थर, त्यावर उबेचा, त्यावर वारा-पाऊस अडवणारा. जाड पिसांचे कोट आणि झोपायच्या पिशव्या काठमांडूत ठमेल पेठेत भाड्याने मिळतात. त्या इथून कशाला न्या? पण बूट मात्र इथलेच हवेत. काठमांडूत बूट मिळतील, पण पायांची सवय झालेले बूट कोणत्याही पेठेत मिळत नाहीत. म्हणून ऑगस्टपासून दर रविवारी तेच बूट घालून सिंहगड चढणे चालू आहे, आणि विमानातही ते पायांतच राहणार.

सासूबाईंच्या डब्यांपैकी चकलीचा डबा बाद झाला, लाडवांचा बाद झाला. मेतकूट मात्र सन्मानाने उत्तीर्ण झाले. त्याला शास्त्रीय कारण आहे. पाच हजार मीटरांवर पाणी साधारण 83 अंशांवरच उकळते. तिथे डाळभात मिळतो, पण तो शिजायला वेळ आणि सरपण फार खातो, आणि जिभेला चव उरत नाही असे जाऊन आलेले सांगतात. पाव किलो मेतकूट त्या भाताला घरपण देईल. औषधांची पुडी डॉक्टरांना दाखवून बांधली. उंचीच्या दुखण्यावरची गोळीही त्यांना विचारूनच. विम्याचा कागद भिंग लावून वाचला, कारण कित्येक विमे ठराविक उंचीच्या वर हात झटकतात आणि हेलिकॉप्टरचा खर्च माणसाच्या हयातीची शिल्लक संपवू शकतो.

आता खरा प्रश्न. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो. पण विंचू निदान स्वतःच्या पाठीवर वाहतो. आमचे बिऱ्हाड वाहणार दुसराच कोणी! नेपाळीत त्याला ‘भरिया’ म्हणतात. भार वाहणारा तो भरिया. मराठीच्या शिक्षिकेला हा शब्द फोड करून सांगावा लागत नाही. त्याच्या बांबूच्या करंडीला ‘डोको’ म्हणतात. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घेतात. या नावाचा डोक्याशी संबंध आहे की नाही ते व्युत्पत्तिकार पाहोत. ओझ्याचा नक्कीच आहे. 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. नामचेच्या बाजाराला माल नेणाऱ्या पुरुष भरियांचे ओझे सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के भरले. माझे वजन सांगत नाही, पण तेवढे ओझे घेऊन मी सदाशिव पेठेतला जिना चढू शकणार नाही.

ही माणसे शेर्पाच असतात असेही नाही. शेर्पा हे एका जमातीचे नाव आहे, धंद्याचे नव्हे. पुष्कळ भरिया खालच्या खोऱ्यांतले राई, तामांग, मगर असतात. त्यांनाही उंची बाधते, त्यांनाही थंडी वाजते. रिवाज असा की दोघांच्या सामानाला एक भरिया. हे समजल्यावर आमच्या वजनकाट्याचा अर्थच बदलला. विमान कंपनीची मर्यादा पंधरा किलोंची, पण आमची आम्ही नऊ किलोंवर आणली. पाण्याच्या बाटल्या, छायाचित्रयंत्र, रेनकोट, औषधे आमच्याच पाठीवर. ज्यांच्यामार्फत भरिया ठरवला, त्यांना तीन प्रश्न लेखी विचारले: त्याचा विमा आहे का? बूट आणि गरम कपडे आहेत का? तो रात्री कुठे झोपतो? तिन्हींची उत्तरे आल्यावरच पैसे पाठवले.

निघायच्या तारखेवरून मात्र घरात जुंपली. यांचे म्हणणे, सुट्टी लागताच निघू, म्हणजे परतून घरी आठवडा मिळेल. पण आपल्या दिवाळीच्याच दिवसांत नेपाळात तिहार असतो. कावळा, कुत्रा, गाय, बैल यांची पूजा होते आणि शेवटी भाइटीका, म्हणजे त्यांची भाऊबीज. आम्ही आधी निघालो असतो, तर कोणाचा तरी भाऊ त्या दिवशी आमचे लोकरी मोजे घेऊन चढण चढत राहिला असता. सासूबाई इतका वेळ वाती वळत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “त्यालाही बहीण असेल की रे.” वाद तिथेच मिटला. घरी परतून आठवडा मिळणार नाही; परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी रात्री जागून तपासीन.

एक करार आम्ही दोघांनी केला आहे. दोन वर्षे पैसे साठवले आहेत, हे खरे. तरी दोघांतल्या एकाचे डोके दुखून उलटी झाली, तर दोघांनी खाली उतरायचे. भरियाला त्रास झाला, तर त्यालाही एकटे पाठवायचे नाही. एकाने सोबत जायचे. पायथा पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या पिशव्या दाराशी बांधून ठेवलेल्या असतील. देवापुढे पणती लावताना सासूबाई त्यांत आणखी काही सरकवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून दोन्ही पिशव्यांत अर्धा-अर्धा किलो जागा मोकळी ठेवली आहे.