हे पैसे कुणाचे?

2023 च्या ऑगस्टातली गोष्ट. पावसानं ओढ दिली होती. पुण्यात कंपनीच्या कँटीनमध्ये मी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात मोबाइलवर मेसेज आला. खात्यात 10,200 रुपये जमा. खातं माझं नव्हतं, आबांचं होतं. आबांजवळ साधा बटणांचा फोन. त्यावर आलेलं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, म्हणून बँकेत नंबर माझा दिलेला. संध्याकाळी मी गावाकडं फोन लावला.

"आबा, तुमच्या खात्यावर दहा हजार दोनशे आलेत."

"तू टाकलंस व्हय?"

आबांचा आवाज एकदम हलका झाला होता. मला लगेच उत्तर देता येईना. नोकरी लागून सात वर्षं झाली होती. दिवाळीला कपडे न्यायचो, दवाखान्याचं बिल भरायचो. पण आबांच्या खात्यावर आपण होऊन कधी पैसे टाकले नव्हते. त्यांनी मागितलेही नव्हते.

"न्हाई आबा. मी न्हाई."

"बरं," आबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "मग हे पैसं कुणाचं?"

शनिवारी मी गावी गेलो. बार्शी तालुक्यातलं आमचं गाव. तोवर ही बातमी पारावर पोचली होती. कुणी म्हणालं, आलं ते आपलं. कुणी म्हणालं, आधी काढून घ्या, सरकार माघारी ओढून घेतं. एकानं तर भीतीच घातली. आता एक फोन येईल, चुकून आलेत म्हणून पैसे परत मागतील, तुम्ही परत पाठवलेत की सगळं खातंच साफ होईल. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पैशाला हात लावला नाही.

आई वैतागली होती. "बी घ्यायचंय, दुकानदाराची उधारी हाय. आणि ह्यांचं आपलं कुणाचं, कुणाचं!"

"कुणाचं ते कळूं दे, मग खर्च की," आबा म्हणाले.

रात्री पासबुक घेऊन आम्ही ओट्यावर बसलो. त्या ओळीत इंग्रजी अक्षरांचा नुसता गुंता होता. मी एकेक नाव खोडायला लागलो. पीएम किसानचा हप्ता म्हणावा तर तो दोन हजारांचा. दुधाचा पगार डेअरीत रोख मिळतो. आडतीचा हिशेब उन्हाळ्यातच मिटलेला. पीक विमा आम्ही भरलाच नव्हता. बँकेतल्या साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, की रक्कम सरकारकडून आधारवरून थेट आली आहे, कुठल्या योजनेची ते आम्हाला इथं दिसत नाही.

"आबा, एवढ्यात कुठं अंगठा दिला होता का?"

आबा आठवत राहिले. "सेवा केंद्रातल्या पोरानं बोलावलं हुतं. यादीत नाव हाय म्हणला. मशिनवर अंगठा ठेवला. मला वाटलं, किसानचंच आसंल."

आबा जुनी सातवी शिकलेले. झोकदार सही करतात. पण मशिनपुढं सही येणारा आणि न येणारा सारखाच. अंगठा कशासाठी घेतला, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्या पोरानंही सांगितलं नाही.

यादी म्हटल्यावर मला आदल्या वर्षीचा, 2022 चा पाऊस आठवला. सततच्या पावसानं झालेल्या नुकसानीची मदत वाटायला सुरुवात झाली होती. जिरायत पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. मी तसं म्हणालो. आबांनी कालदर्शिकेचं मागचं पान उलटलं आणि पेन्सिलीनं भागाकार मांडला.

"एक हेक्टर वीस आर," ते म्हणाले. "म्हंजे तीन एकर. बरोबर बसतंय."

"मग झालं की! आपलंच रान तीन एकर," आई म्हणाली.

आबांनी पेन्सिल खाली ठेवली. "गेल्या पावसाळ्यात आपण पेरलं हुतं का? ज्वारीसाठी रान मोकळं ठेवलं हुतं. जे पेरलंच न्हाई ते बुडंल कसं?"

कुणी काही बोललं नाही. तिघांनाही आता कळलं होतं.

आमचा गट सहा एकरांचा. वरची तीन एकरं आमची, ओढ्याकाठची तीन नानांची. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आजोबा गेल्यावर वाटणी तोंडीच झाली. बांध पडला, पण सातबारा सामाईकच राहिला. त्यावर दोघांची नावं, पहिलं आबांचं. पुढं 2014 च्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाळीवरून दोघांचं वाजलं. मोटार कुणी बंद केली एवढ्यावरून सुरू झालेलं भांडण आजोबांच्या आजारपणात कुणी किती केलं इथवर गेलं. तेव्हापासून बोलणं बंद. एका विहिरीचं पाणी, एक बांध, आणि नऊ वर्षांत एक शब्द नाही. ओढ्याकाठी नानांचं सोयाबीन मात्र त्या पावसात पार कुजून गेलेलं आम्ही वरच्या बांधावरून बघितलं होतं. बघितलं आणि घरी आलो होतो.

सोमवारी मी रजा टाकली. आबांना घेऊन तलाठ्यांकडं गेलो. त्यांनी यादी काढली. गट नंबर तोच, बाधित पीक सोयाबीन, क्षेत्र 1.20 हेक्टर, नाव आबांचं. मग फाइलमधून एक कागद काढून आमच्यापुढं सरकवला. संमतीपत्र होतं. सामाईक क्षेत्राची मदत माझे थोरले बंधू यांच्या खात्यावर जमा करण्यास माझी हरकत नाही. खाली नानांची वाकडी सही.

आबांनी तो कागद दोनदा वाचला. तिथून आम्ही बँकेत गेलो. आबांनी स्लिप भरली, पूर्ण 10,200 ची.

नानांच्या अंगणात पाय ठेवताना आबा उंबऱ्याशी थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. नाना गोठ्यात कडबा तोडत होते. त्यांनी वर बघितलं, कोयता खाली ठेवला.

"हे तुजं," आबा म्हणाले आणि पैसे पुढं केले. "सोयाबीनचं."

नानांनी हात पुढं केला नाही.

"माझ्या नावावर कशाला घातलंस?"

"सातबाऱ्यावर तुजं नाव पयलं. माझ्या खात्यावर घ्यायचं म्हणलं तर तुजी सही लागत हुती."

"मग यायचं की सहीला."

नाना गप्प. नानी दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन डाव कागद घेऊन तुमच्या कोपऱ्यापतूर आलं हुतं भावजी. दोन्ही डाव माघारी फिरलं. मुदत संपत आली तवा म्हणलं, जाऊं दे दादाच्याच खात्यावर."

आबा बराच वेळ कडब्याच्या पेंडीकडं बघत होते. "आणि पैसं? ते तरी मागायचं."

"तुज्याकडं हायती म्हणल्यावर घाई काय हाय?" नाना म्हणाले.

नानीनं चहा टाकला. दोघं भाऊ बाजेवर बसले. फार काही बोलले नाहीत. पाऊस नाही, विहिरीनं तळ गाठलाय, एवढंच. निघताना आबा म्हणाले, "एकदा तहसीलला जाऊन वाटप करून घिऊ. सातबारा येगळा झाला म्हंजे माझ्या सहीची गरज लागायची न्हाई." नाना म्हणाले, "बघू की. एवढी काय नड हाय?"

ते काम अजून झालेलं नाही. सातबारा आहे तसाच सामाईक आहे. विहिरीच्या पाळीवरून अधूनमधून कुरबूर होते, पण आता समोरासमोर होते.

पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर मी आबांच्या खात्यावर तीन हजार टाकले. काही सांगितलं नाही. आठवड्यानं पासबुक भरून आणल्यावर त्यांचा फोन आला.

"तीन हजार आलंत. कुणाचं?"

"माझं, आबा."

थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही.

"मग सांगून टाकत जा," आबा म्हणाले. "मी उगं तलाठ्याकडं निघालो हुतो."