सोडायचा मुद्दा

पुनर्विकासाच्या करारांत सोसायट्यांच्या बाजूने बसणारा मी वकील. हल्ली सेक्रेटरी बिल्डरचा मसुदा घेऊन येतात, तेव्हा सोबत चॅटजीपीटीने काढलेल्या हरकतींची जाड फाइल असते. त्या हरकती उगाच काढलेल्या नसतात. मागे एका मसुद्यात पर्यायी घराचं भाडं ‘ताब्याची नोटीस दिल्यापासून ३० दिवसांपर्यंत’ मिळेल असं बेमालूम घुसवलेलं होतं. भोगवटा प्रमाणपत्राआधीच नोटीस निघाली असती तर भाडं बंद आणि नव्या घरात राहायला जायची सोय नाही. यंत्राने ते मिनिटभरात पकडलं. ज्युनिअरची अख्खी दुपार गेली असती.

अडचण पुढे येते. फाइलमधला प्रत्येक मुद्दा सभासदांना जीवनमरणाचा वाटतो आणि बिल्डरचा वकीलही तसल्याच यंत्राकडून उत्तरं लिहून आणतो. त्या मसुद्यावरच्या बैठकीत बराच वेळ दोन प्रिंटआउटच एकमेकांशी भांडत होते. एक काका बँक गॅरंटीच्या टक्क्यावर हटून बसलेले. चहाला बाहेर उभे असताना ते हळूच म्हणाले, “वकीलसाहेब, भाडं थकलं तर या वयात मुलाच्या दारात जायचं का?” आत येऊन भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच मागून घेतले, टक्क्याचा हट्ट काकांनीच सोडला. तो मुद्दा कुठल्याच कागदावर नव्हता.

लंडनच्या ल्युमिनन्स कंपनीने नोव्हेंबर २०२३मध्ये गोपनीयतेच्या करारावर दोन्ही बाजूंना यंत्रंच बसवून घासाघीस करून दाखवली. माणूस लागला तो सहीपुरता. ठरावीक साच्याच्या करारांना ते खुशाल चालावं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘माता विरुद्ध एव्हिअँका’ खटल्यात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाले आणि वकिलांना ५,००० डॉलरचा दंड बसला. तिथे जाब विचारायला न्यायाधीश होते. वाटाघाटीच्या टेबलाशी कोणी नसतं. ‘बाजारात हीच पद्धत आहे’ असं यंत्राने ठासून सांगितलं तर ते तपासणार कोण? ज्याने असे ढीगभर मसुदे स्वतः वाचलेत, तोच.

तो घडतो ज्युनिअरपणात: जुना-नवा मसुदा ओळीओळीने ताडताना, बैठकीची टिपणं काढताना, सीनिअरने कुठला मुद्दा कधी आणि कशाच्या बदल्यात सोडला ते मुकाट्याने बघताना. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४मध्ये ज्युनिअरांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारसच ती! बार रूममध्ये आता उघड बोललं जातं की त्यापेक्षा यंत्राची वर्गणी परवडते. चालू महिन्यापुरतं खरंही आहे. पंधरा वर्षांनी टेबलाशी कोण बसणार, याचा खर्च त्यात कोणी धरत नाही.

माझ्याकडच्या ज्युनिअरला मी मसुदा आधी स्वतः वाचायला लावतो, यंत्र नंतर. तिच्या नजरेतून काय सुटलं आणि यंत्राच्या काय, ते ती शेजारी-शेजारी मांडते. परवा तिने विचारलं, “सर, या तासांचं बिल कोणाच्या नावावर लावू?”

सोसायटी ते देणार नाही, हे तिलाही माहीत आहे. तूर्त माझ्याच खात्यावर टाकायला सांगितलंय.