दूध कुणाच्या वाट्याचं?

बाळंतपणानंतर माझ्या मुलीला इतकं दूध यायचं, की बाळ पिऊन झोपलं तरी पान्हा थांबत नसे. आम्ही नोएडाला राहतो. दिल्लीच्या लेडी हार्डिंगमध्ये २०१७ पासून आईच्या दुधाची पेढी आहे, हे कळताच तिथं दूध द्यायचं तिनं ठरवलं.

विहीणबाई साताऱ्याहून आल्या होत्या. म्हणाल्या, "लेकराच्या तोंडचं काढून परक्याला? आटलं तर?" शंका गैर नव्हती. पण आईचं दूध विहिरीसारखं, उपसाल तेवढं पाझरतं. शिवाय बाळाचं पोट भरून उरलेलंच द्यायचं असतं.

त्याआधी आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात. दिवस न भरलेल्या किलो-दीड किलोच्या जिवांना वरच्या दुधानं आतड्याचा जीवघेणा आजार होण्याचा धोका वाढतो. आईला पुरेसं दूध येईपर्यंत हे दूध त्यांना तारून नेतं. आशियातली अशी पहिली पेढी आपल्या मुंबईतलीच बरं का! सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभारली.

"पण ते दूध कुणाचं, कुठल्या जातीचं, कुणी विचारत नाही?" विहीणबाईंचा पुढचा प्रश्न.

"अहो आई, अनेकींचं दूध एकत्र करतात. विचारणार कुणाला?" मुलगी हसली.

त्या काही बोलल्या नाहीत. मात्र दूध द्यायला निघालो, तेव्हा नातवाला मांडीवर घेऊन टॅक्सीत आधी त्याच बसल्या होत्या.