आईची तिथी

पंचांग आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. ते वाचायला मात्र थोडेच जण शिकलेले असतात. मला ते आईने शिकवले. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाचही अंगांवरून तिचे बोट सहज फिरे.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. ही गती सारखी नसल्याने तिथी कधी सुमारे २० तासांत संपते, तर कधी २६ तास रेंगाळते. दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयी असलेल्या तिथीचे. त्यामुळे दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपणाऱ्या तिथीचा क्षय मानतात आणि दोन सूर्योदय पाहणाऱ्या तिथीची वृद्धी. व्रतांची रीत याहून वेगळी. गणेश चतुर्थीला मध्याह्नीची तिथी पाहतात, संकष्टीला चंद्रोदयाची, तर श्राद्धाला अपराह्णाची. मृत्यूची तिथी मात्र नेमकी त्या क्षणाची. "आज तिथी कोणती, असं विचारू नये, कोणत्या वेळची, ते आधी विचारावं," असे आई म्हणे.

तिच्या या बोलण्याचा अर्थ मला कळला तो ती गेली त्या रात्री. मध्यरात्र उलटल्यामुळे दवाखान्याच्या कागदावर गुरुवारची तारीख पडली. पंचांगाच्या हिशेबाने सूर्योदय व्हायचा होता, म्हणून बुधवारच चालू होता. आणि बुधवारच्या ओळीत एकादशी छापलेली होती. जमलेल्या बायका म्हणाल्या, "एकादशीचं मरण आलं, पुण्यवान हो!" त्या शब्दांनी दादाला जरा धीर आल्यासारखा दिसला.

मी पंचांग उघडले. एकादशीपुढे २७.१० असा आकडा होता. त्यातून २४ वजा केले की उत्तररात्रीचे ३ वाजून १० मिनिटे. आई गेली पावणेचारला. द्वादशी लागून ३५ मिनिटे झाली होती.

क्षणभर वाटले, गप्प राहावे. मग म्हटले, "दादा, द्वादशी आहे."

"अगं, पस्तीस मिनिटांनी काय बिघडतं?"

मी काही बोलले नाही. आई ठेवी तसे त्या आकड्यावर बोट ठेवले. दादाने बराच वेळ पाहिले आणि गुरुजींना द्वादशी सांगितली. जिने आम्हांला वेळ पाहायला शिकवले, तिचीच वेळ बदलणे त्यालाही रुचले नसावे.

तुम्हीही आज घरचे पंचांग उघडा. आपल्या माणसाच्या जन्माची किंवा निरोपाची एक वेळ घ्या आणि त्या क्षणी कोणती तिथी होती, ते स्वतः शोधा. त्या वर्षीचे पंचांग घरात नसेल, तर वडीलधाऱ्यांकडे मागा. कदाचित वेळेबरोबर तिची आठवणही ते सांगतील.