आडवी बेरीज, उभी बेरीज

निकालपत्रक करताना आम्हा शिक्षकांना दोन बेरजा कराव्या लागत. आडवी केली की मुलाचे एकूण गुण, उभी केली की विषयाचे. कोपऱ्यातली एकूण दोन्हीकडून जुळली की हुश्श!

हल्ली नातीकडून एपीएल या संगणकभाषेबद्दल ऐकते आहे. केनेथ आयव्हर्सन हे कॅनडाचे. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी ही चिन्हं रचली, १९६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि पुढे आयबीएममध्ये त्याची संगणकभाषा झाली. म्हणजे मूळ प्रकरण फळ्यावरचंच, म्हणून मला जवळचं वाटलं.

त्यात अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ लिहिली की सगळ्या तक्त्याची आडवी बेरीज होते. उभी हवी तर रेघेपुढे चौकटी कंसात १ लिहायचा. आता गंमत बघा. पहिली दिशा मुलांची, मग १ लिहिल्यावर मुलांच्या बेरजा याव्यात ना? येतात विषयांच्या! कारण तो आकडा कुठली दिशा गिळायची ते सांगतो, कुठली उरणार ते नाही.

समजा तीन मुलं. भाषेत ४०, ७०, ५०; गणितात ६०, ३०, ५०. आडवी बेरीज तिघांचीही १००. उभी केली तर भाषा १६०, गणित १४०. आडव्या बेरजेत गणितात ३० मिळवणारा पोरगा दिसतच नाही, आणि उभ्या बेरजेत तर तिघंही दिसत नाहीत. पालकसभेत आम्ही एकूण गुण वाचून दाखवत असू. तो पोरगा मागच्या बाकावर खूश! (असे पुष्कळ पाहिले.)

हा कंस पुढे आयव्हर्सननाच खटकला असावा. तो धड क्रिया नाही, धड आकडा नाही, व्याकरणात मध्येच घुसलेला पाहुणा. रॉजर हुई यांच्यासोबत १९९० साली त्यांनी 'जे' ही नवी भाषा आणली, तिच्यात तो ठेवलाच नाही. तिथे नुसती बेरीज सांगितली तर ती पहिल्या दिशेनेच होते. मी नातीला विचारलं, "अगं, आणि शाळेत चार तुकड्या असल्या तर?" तुकडी, मूल, विषय अशा तीन दिशा झाल्या. मग नुसत्या बेरजेने 'अ' मधला पहिला नंबर 'ब', 'क', 'ड' मधल्या पहिल्या नंबरात मिळवला जाईल. त्याला काय अर्थ?

म्हणून तिथे केवढ्या तुकड्यावर काम करायचं तेवढं सांगतात. २ म्हटलं की एकेक निकालपत्रक वेगळं उचलून त्याची उभी बेरीज. १ म्हटलं की एकेक ओळ, म्हणजे एकेक मूल.

"आजी, तू कुठला आकडा घेशील?" नात म्हणाली.

आधी १. आणि बेरीज मारण्यापूर्वी ती ओळ एकदा नुसती वाचेन.