माझा पडलेला दात

परवा नाही, गेल्या पावसाळ्यात आमचा खो-खो चालू होता. मी खांबाकडे जोरात पळालो, पाय घसरला आणि तोंड खांबावर आपटले. वरचा पुढचा दात मातीत पडला. रक्त पाहून मी रडू लागलो.

धाकटी बहीण दात उचलून कौलांवर टाकायला निघाली. दुधाचे दात आम्ही तसेच टाकतो ना! गुरुजी ओरडले, "अगं थांब! हा कायमचा दात आहे. पुन्हा येणार नाही." त्यांनी मुळाला हात लावला नाही, घासलाही नाही. थोड्या दुधाने माती धुतली आणि कपभर थंड दुधात दात ठेवला. गुरुजींच्या फटफटीवरून आम्ही तालुक्याला गेलो. कप मीच धरला होता. खड्डा आला की दूध सांडायचं, तेव्हा फार भीती वाटायची.

दातांच्या डॉक्टरांनी दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. म्हणाले, "कोरडा पडला असता तर जगला नसता. दुधाचा असता तर मी बसवलाच नसता." खेळताना दातांवर घालायचे रबरी टोपणही त्यांनी दाखवले. हॉकीवाले घालतात म्हणे. पण ते घालून 'खो' कसा म्हणायचा?

पंधरा दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. ऊस बंद! आता तार काढली आहे. दात हलतो का, ते मी रोज जिभेने बघतो. आई रागावते.