बंदीशाळेतील हास्य

मांडवीच्या उत्तर तीरावर, रेइश मागुश म्हणजे तीन राजांच्या चर्चशेजारी, जांभ्या दगडाचा किल्ला आहे. १५५१ साली पोर्तुगिजांनी उभारलेली ही वास्तू पुढे तुरुंग झाली. गोवामुक्तीच्या सैनिकांनी येथे बंदिवास भोगला. १९९३ साली तुरुंग बंद झाला नि किल्ला ओस पडला. जीर्णोद्धारानंतर २०१२ साली तो सर्वांना खुला झाला. आता तेथे मारिओ मिरांडांची व्यंगचित्रे पाहताना हसू आवरत नाही. जेथे माणसे कोंडली, तेथे हसावे काय? परंतु त्या स्वातंत्र्यसैनिकांची स्मृती जपणारे दालनही तेथेच आहे. पडकी वास्तू कलेच्या स्वाधीन करताना तिची वेदनाही अशीच जपावी. मग तेथील हास्य निर्मळ राहते.